अहवालात किरकोळ डाग, भिंतीमागे तडा: दावा कोणावर लावायचा?

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी आम्ही एक जुनं घर घेतलं. व्यवहार पक्का करण्याआधी फी भरून रीतसर तपासणी करून घेतली. अहवालात तळघराबद्दल एवढंच होतं: ‘मागच्या भिंतीवर खालच्या बाजूस किरकोळ डाग, जुने वाटतात. गरज वाटल्यास तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे.’ पहिल्याच मोठ्या पावसात तळघरात घोटाभर पाणी साचलं. ठेकेदाराने आतलं पॅनेल थोडं उचकटलं, तर मागे पायाच्या भिंतीला आडवा तडा, भिंत आतल्या बाजूला फुगलेली आणि लाकडी चौकट खालून कुजलेली. ‘हे वर्षानुवर्षांचं आहे, इन्स्पेक्टरला दिसायलाच हवं होतं,’ असं त्याचं म्हणणं. तो सोमवारी काम सुरू करायचं म्हणतो. इन्स्पेक्टरने ‘करारानुसार माझी जबाबदारी फीच्या रकमेपुरती’ असं दोन ओळींचं उत्तर पाठवलं आहे. विकणाऱ्याने माहितीच्या फॉर्मवर ‘तळघरात पाणी येत नाही’ असं लिहून दिलं होतं. दुरुस्तीचा खर्च कोणाकडून मिळेल?
– एक वाचक दांपत्य

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

सोमवारचं काम थांबवा. पैसे कोणाकडून मिळतील हे नंतर बघू. आज ती भिंत जशी उघडी पडली आहे, तशी ती समोरच्या पक्षाला बघू देणं हे पहिलं काम. तपासणीच्या बहुतेक करारांत एक कलम असतं: दोष आढळल्यास इतक्या दिवसांत लेखी कळवायचं आणि दुरुस्तीआधी इन्स्पेक्टरला पुन्हा येऊन पाहू द्यायचं. हे कलम मोडलं तर भिंत कितीही बोलकी असली तरी दावा तिथेच अडखळतो. करारात असं कलम नसलं तरीही पुरावा नष्ट केल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो.

मात्र थांबवा म्हणजे काहीच करू नका, असं नाही. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. ती टाळली तर वाढलेल्या नुकसानाचे पैसे कापले जातात. पाणी उपसा, आर्द्रता खेचणारं यंत्र लावा, भिजलेलं सामान हलवा, बाहेर पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब सोडा. भिंत फुगली आहे म्हणता, तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला याच आठवड्यात बोलावून तात्पुरते टेकू लागतात का ते विचारा. आडवा तडा आणि आत आलेलं पोट ही बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाची खूण असते. पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका जाणारा तडा बहुधा पाया खचल्याचा असतो. त्याची गोष्ट निराळी. टेकू लावण्याआधी आणि नंतर फोटो काढा. प्रत्येक तड्याशेजारी मोजपट्टी धरा, भिंतीला ओळंबा लावून किती मिलिमीटर पोट आलं आहे ते टिपा. ठेकेदाराने काढलेलं पॅनेल, कुजलेल्या चौकटीचे तुकडे, गंजलेले खिळे कचऱ्यात गेले असतील तर परत आणा. पिशव्यांत भरा, कुठून काढले ते आणि तारीख लिहून ठेवा. या तात्पुरत्या कामांच्या पावत्या वेगळ्या फाइलीत ठेवा, त्या खर्चाची मागणी स्वतंत्रपणे करता येते.

आता करार. अहवाल नव्हे, तपासणीआधी सही केलेला करार. दोन्ही वेगळे कागद असतात आणि वाद बहुधा करारावर ठरतो. त्यात ग्राहक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. एकाच जोडीदाराचं असेल, किंवा अहवाल विकणाऱ्याने करून घेऊन तुम्हाला दिला असेल, तर ‘तुमच्याशी माझा करारच नव्हता’ हा बचाव येतो. सही कधी घेतली तेही पाहा. इन्स्पेक्टर दारात उभा असताना, वाचायला वेळ न देता घेतलेली सही आणि आठवडाभर आधी मेलवर पाठवलेला करार यांत कोर्ट फरक करू शकतं. मग कामाची व्याप्ती. अमेरिकेत बऱ्याच करारांत एखाद्या इन्स्पेक्टर संघटनेची कार्यपद्धती जोडलेली असते, ऑस्ट्रेलियात ‘एएस ४३४९.१’ हे मानक, ब्रिटनमध्ये ‘आरआयसीएस’ या सर्व्हेअरांच्या (घर तपासणाऱ्यांच्या) संघटनेच्या तीन पातळ्यांपैकी एक. पातळी दोन मागवली असेल तर पातळी तीनइतक्या खोल तपासाची अपेक्षा धरता येत नाही. बुरशी, वाळवी, अॅस्बेस्टॉस, झाकलेले भाग हे सहसा वगळलेले असतात. दाव्याची मुदत आणि ‘वाद लवादाकडेच’ हे कलमही इथेच सापडेल.

‘जबाबदारी फीपुरती’ या वाक्याला घाबरून गप्प बसू नका, पण ते रद्दच होईल असंही धरून चालू नका. हे पूर्णपणे तुमच्या ठिकाणच्या कायद्यावर आहे. न्यू जर्सीत २००४ साली ‘लुसिअर विरुद्ध विल्यम्स’ खटल्यात अपील कोर्टाने असंच कलम धुडकावलं. तिथे फी ३८५ डॉलर होती आणि कलमानुसार भरपाईची कमाल मर्यादा तिच्या निम्मी, म्हणजे १९२.५० डॉलर. छताच्या दुरुस्तीचा खर्च मात्र आठ ते दहा हजारांत जात होता. इतकी क्षुल्लक मर्यादा म्हणजे नीट काम करण्याचं कारणच काढून घेणं, असा कोर्टाचा सूर होता. कॅलिफोर्नियात तर कायद्यातच लिहिलं आहे की अहवालाच्या किमतीपुरती जबाबदारी मर्यादित करणारं कलम अवैध. इंग्लंडमध्ये ‘स्मिथ विरुद्ध एरिक बुश’ (१९८९) या निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सर्व्हेअरचं ‘आम्ही जबाबदार नाही’ हे वाक्य साध्या घरखरेदीदाराविरुद्ध अवाजवी ठरवलं. तिथे खालच्या मजल्यावरची धुराड्याची बांधणी काढून टाकलेली होती, वरचा भाग आधाराविना लटकत होता आणि पुढे तो कोसळला. उलट, अशी मर्यादा दोघांनी मान्य केली म्हणून लागू करणारी कोर्टंही आहेत. म्हणून पहिल्या वकिली भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा: ‘आपल्याकडे ही मर्यादा टिकते का?’ टिकत असेल, तर इन्स्पेक्टरवर खर्च करण्यात अर्थ नाही. सगळी ताकद विकणाऱ्याकडे वळवा.

मर्यादा टिकत नाही असं धरू. मग कोर्टासमोर प्रश्न असा नसतो की दोष होता का. प्रश्न असतो की त्या दिवशी, सामान न हलवता, काहीही न तोडता, सावध इन्स्पेक्टरला काय दिसलं असतं. पॅनेलमागचा तडा त्याला दिसणं शक्यच नव्हतं, आणि तुमचा ठेकेदार तिथेच चुकतोय. तो आज उघडी भिंत पाहून बोलतोय. इन्स्पेक्टरने झाकलेली पाहिली होती. त्यामुळे तड्यावर दावा उभारू नका. दावा उभारायचा तो डागावर.

त्याने डाग पाहिला, लिहिलाही. इंग्लिश कोर्टाने ‘रॉबर्ट्स विरुद्ध हॅम्पसन’ प्रकरणात सांगितलेली गोष्ट इथे कामाची आहे: मर्यादित तपासणी असली तरी संशयाचा माग दिसला की तो पुरेसा उलगडेपर्यंत जायला हवं. चांगल्या अहवालात अशा नोंदीला चार अंगं असतात: काय दिसलं, कुठे, त्याचा अर्थ काय असू शकतो आणि कोणी, केव्हापर्यंत पुढे काय करायचं. तुमच्या अहवालात पहिली दोन आहेत. ‘किरकोळ’ आणि ‘जुने’ हे दोन शब्द त्याने कशाच्या आधारावर लिहिले? ओलावामापक लावला होता का? लाकडात २० टक्क्यांच्या वर ओलावा सतत राहिला की कुजण्याचा धोका सुरू होतो, हे या धंद्यातलं प्राथमिक ज्ञान. गिलाव्यावर किंवा काँक्रीटवर तेच यंत्र फक्त तुलनात्मक आकडा दाखवतं, म्हणून कोरड्या भिंतीशी तुलना केली होती का, हेही विचारायचं. ‘गरज वाटल्यास’ हा शब्दप्रयोग तर आमच्या मते सगळ्यात कच्चा दुवा आहे. गरज आहे की नाही हे ठरवण्यासाठीच तर ग्राहकाने त्याला फी दिली.

पण त्याच ओळीचा दुसरा काठ तुमच्या हाताला कापणारा आहे. ‘तज्ज्ञाला दाखवा असं मी लिहिलं होतं, त्यांनी दाखवलं नाही,’ हा बचाव येणारच. तुम्ही का दाखवलं नाही? इन्स्पेक्टर तोंडी ‘काही विशेष नाही’ म्हणाला होता? एजंटने मेलवर ‘जुनं घर आहे, डाग असायचेच’ असं लिहिलं होतं? ते मेल, ते मेसेज शोधा. अहवालानंतर तुम्ही विकणाऱ्याशी किमतीवर घासाघीस केली असेल तर ते कागद फार मोलाचे, कारण आणखी एक गोष्ट तुम्हालाच सिद्ध करायची आहे: खरी माहिती मिळाली असती तर तुम्ही वेगळं वागला असतात. व्यवहार सोडला असता, किंमत पाडली असती किंवा दुरुस्ती करून मागितली असती. छताच्या दोन कौलांसाठीही तुम्ही किंमत कमी करून घेतली होती असं कागदावर असेल, तर पायाच्या भिंतीसाठी केली असती हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या दिवशी काय दिसत होतं, याचा पुरावा तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त ठिकाणी पडलेला असतो. इन्स्पेक्टरकडे अहवालात छापलेल्या फोटोंपेक्षा कितीतरी जास्त फोटो असतात. ते मूळ आकारात, तारीख-वेळेच्या नोंदीसकट मागा, सोबत त्याची जागेवरची टिपणं आणि यंत्रांचे आकडे. घर विक्रीला लावताना एजंटने काढलेले फोटो, व्हिडिओ, तुम्ही स्वतः मोबाइलवर काढलेली क्लिप, सगळं जमवा. त्यात या खुणा शोधा: भिंतीला खालून फुटलेला पांढरा लोणा (ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार), पाणी जिथवर चढलं होतं तिथली तपकिरी आडवी रेघ, लोखंडी कपाटाच्या किंवा बॉयलरच्या पायांना खालच्या दोन-चार सेंटिमीटरात गंज, जमिनीलगतच्या पट्टीचे फुगलेले सांधे, सुटलेल्या फरश्या, कोपऱ्यात चालू असलेलं आर्द्रता खेचणारं यंत्र, पाणी उपसायचा पंप, एकाच भिंतीला ताजा रंग. फोटोत त्या भिंतीला टेकून खोक्यांची थप्पी दिसली, तर मन घट्ट करा: ‘तो भाग पाहता आला नाही’ हे इन्स्पेक्टरला म्हणता येईल. मात्र मग ते अहवालात लिहिलेलं हवं. न पाहिलेला भाग न पाहिला म्हणून न नोंदवणं हीसुद्धा चूकच.

आता विकणारा. तुमच्या पत्रातली सगळ्यात वजनदार वस्तू आमच्या मते इन्स्पेक्टरचा अहवाल नाही, विकणाऱ्याचा फॉर्म आहे. काही ठिकाणी कायदा अजूनही ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावं’ या अंगाने झुकतो आणि विकणारा गप्प राहिला तर त्याला फारसं धरता येत नाही. पण विचारल्यावर खोटं लिहून देणं जवळपास कुठेच माफ होत नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जॉन्सन विरुद्ध डेव्हिस’ (१९८५) मध्ये त्याही पुढे जाऊन म्हटलं की घराच्या किमतीवर परिणाम करणारी, सहज न दिसणारी आणि घेणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट विकणाऱ्याला माहीत असेल, तर ती सांगणं त्याचं कर्तव्य आहे. अडचण एकच: त्याला माहीत होतं, हे दाखवावं लागतं. पाणी येत होतं यावरून त्याला ठाऊक होतं असं आपोआप ठरत नाही. शोधा: पॅनेल कधी बसवलं, कोणी बसवलं, रंगाखाली जलरोधक लेपाचे थर आहेत का, पंपावर किंवा पाइपवर एखाद्या वॉटरप्रूफिंगवाल्याचा स्टिकर आहे का, त्याने पूर्वी विमा कंपनीकडे पाण्याचा दावा केला होता का, आधीचा एखादा ग्राहक याच तळघरामुळे मागे हटला होता का. शेजाऱ्यांशी चहा पिता पिता बोला, पण जे कळेल ते त्यांच्याकडून लेखी येईपर्यंत पुरावा समजू नका.

इथे एक पेच आहे आणि वकिलाकडे जाण्याआधी तो तुम्हाला कळलेला बरा. ‘विकणाऱ्याने इतकं बेमालूम लपवलं की कोणालाच दिसलं नसतं’ असं म्हणालात, तर इन्स्पेक्टर सुटतो. ‘आंधळ्यालाही दिसलं असतं’ म्हणालात, तर विकणारा म्हणतो, मग घेणाऱ्यांनीच का पाहिलं नाही? दोघांना एकाच दाव्यात ओढणं चुकीचं नाही, पर्यायी मांडणी करता येते. फक्त घटक जागेनुसार वेगळे करा. पॅनेल आणि ताजा रंग विकणाऱ्याच्या खात्यात. लोणा, गंज, डाग आणि ‘किरकोळ’ हा शब्द इन्स्पेक्टरच्या. पहिल्याच रागाच्या मेलमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ केलीत, की पुढे तोच मेल दोघांचे वकील तुमच्यासमोर वाचून दाखवतील.

ठेकेदाराचं मत साक्ष म्हणून फार चालणार नाही, कारण दुरुस्तीचं काम त्यालाच मिळणार आहे. दोन वेगळी माणसं लागतील. तडा कशामुळे आला आणि किती जुना, हे सांगायला इंजिनिअर. तड्याच्या आत साचलेली माती, रंगाचे थर, पांढऱ्या क्षाराचे थर, कुजण्याची खोली यावरून तो वयाचा अंदाज देतो. आणि ‘या तपासणीत काय करायला हवं होतं’ हे सांगायला त्याच प्रकारचं काम करणारा दुसरा इन्स्पेक्टर. इंजिनिअरने ‘मी असतो तर ओळखलं असतं’ म्हटल्याने काम भागत नाही. त्याची पट्टी वेगळी.

भरपाईच्या रकमेबाबत आधीच मन तयार ठेवा. दुरुस्तीचं बिल म्हणजेच नुकसान, असं सगळीकडे धरलं जात नाही. इंग्लंडमधल्या ‘वॉट्स विरुद्ध मॉरो’ (१९९१) प्रकरणात जोडप्याने १,७७,५०० पौंडांना घर घेतलं, दुरुस्तीला जवळपास ३४ हजार लागले, पण हातात आले १५ हजार: म्हणजे दिलेली किंमत आणि खरी स्थिती माहीत असती तर असलेली किंमत यांतला फरक. मनस्तापापोटी दोघांना प्रत्येकी ७५० पौंड. अमेरिकेतल्या काही राज्यांत दुरुस्तीचा खर्चही मिळू शकतो. त्यामुळे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाबरोबरच खरेदीच्या तारखेचं मूल्यांकन लागेल की नाही, ते वकिलाला विचारा. जुन्याच्या जागी नवंकोरं मिळतंय म्हणून काही रक्कम कापली जाते, तीही धरा. मनस्तापाची मोठी रक्कम सहसा मिळत नाही. ‘फार्ली विरुद्ध स्किनर’ (२००१) मध्ये १० हजार पौंड मिळाले, कारण त्या ग्राहकाने विमानांचा आवाज येतो का, हा प्रश्न सर्व्हेअरला खास विचारला होता. तुम्ही तपासणीआधी ‘तळघराकडे विशेष लक्ष द्या’ असं कुठे लिहिलं असेल, तर ते पान आत्ताच बाजूला काढा.

इन्स्पेक्टरच्या रुक्ष उत्तराचा फार अर्थ काढू नका. व्यावसायिक दायित्वाचा विमा असलेल्या माणसाला विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करता येत नाही. शिवाय असा विमा सहसा दावा ज्या काळात कळवला त्या काळाला लागू होतो. त्याने धंदा बंद केला किंवा पॉलिसी संपली, तर तुमचा दावा खरा असूनही वसुलीला काही उरत नाही. म्हणून पत्र या आठवड्यात जाऊ द्या, पोच मिळेल अशा टपालाने आणि मेलनेही. त्यात तपासणीची तारीख, अहवालाचं पान आणि त्या दोन ओळी जशाच्या तशा. आता काय आढळलं, पाच-सहा फोटो. अमुक दिवसांच्या आत येऊन पाहण्याचं निमंत्रण, करारात दिवस दिले असतील तर तेवढेच, नसतील तर दहा ते चौदा. सगळे फोटो, टिपणं, आकडे जपून ठेवण्याची मागणी. आणि विमा कंपनीला कळवण्याची विनंती. रकमेचा आकडा पहिल्या पत्रात टाकू नका. विकणाऱ्याला वेगळं पत्र, त्यात फॉर्ममधलं वाक्य. ऑनलाइन परीक्षणांत ‘फसवा’, ‘चोर’ असले शब्द लिहून अब्रुनुकसानीचा उलटा दावा ओढवून घेऊ नका.

मुदतीकडे लक्ष ठेवा. काही ठिकाणी ती तपासणीच्या दिवसापासून मोजतात, काही ठिकाणी दोष कळल्यापासून, आणि करारात ती आणखी कापलेली असू शकते. कॅलिफोर्नियात तपासणीपासून चार वर्षं ही कायद्याची मर्यादा आहे. तिथल्याच अपील कोर्टाने २००३ मध्ये ‘मोरेनो विरुद्ध सँचेझ’ प्रकरणात करारातून तपासणीपासून मोजलेली एका वर्षाची मुदत अमान्य केली. तुमचे सात महिने आधीच गेले आहेत, तेव्हा सगळ्यात लवकर संपणारी तारीख हीच खरी मानून चला.

घराच्या विम्याकडूनही फार आशा नको. हळूहळू झिरपणारं पाणी आणि बांधकामातला दोष पॉलिसीत बहुधा वगळलेला असतो. तरी पॉलिसी वाचा.

दावा लावण्याइतकी रक्कम आहे का, हे इंजिनिअरच्या पहिल्या पाहणीनंतर ठरवा. दोन तज्ज्ञ, मूल्यांकन आणि वकील यांचा खर्च मिळू शकणाऱ्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास जात असेल, तर लहान दाव्यांचं कोर्ट किंवा मध्यस्थी हा शहाणपणाचा रस्ता. मध्यस्थीत दोघांनाही एकाच टेबलावर बसवा. वेगवेगळं बसवलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून निघून जातो.

आणि बहुतेक एक गोष्ट लवकरच घडेल: इन्स्पेक्टर फी परत करायची तयारी दाखवेल, सोबत एक पानाचा कागद. त्यावर ‘सर्व दाव्यांची पूर्ण आणि अंतिम परतफेड’ असं लिहिलेलं असेल. सही करू नका, चेकही खात्यात भरू नका; काही ठिकाणी चेक वटवणं हीच संमती धरली जाते. लेखी उत्तर द्या की कोणताही हक्क न सोडता रक्कम देणार असाल तरच घेऊ. पुढे खरोखर तडजोड ठरली, तर मसुदा वकिलाला दाखवा आणि ‘या घराच्या संदर्भात इतर कोणाविरुद्धही दावा करणार नाही’ असलं वाक्य त्यात घुसलेलं नाही ना, ते स्वतः वाचा. त्या एका वाक्याने विकणाराही सुटेल.